खेळणे आणि नांदणे

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या समारंभात बोलण्यासाठी मंडळाने आम्हांस जो विषय नेमून दिला, तो ऐकून सभागृहातील वडीलधाऱ्यांस किंचित नवल वाटले असेल. ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्ती, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर भाषणे व्हावयाची, हा आपला परिपाठ. त्या मालिकेत संगणकावरील खेळांस स्थान कसे मिळाले, या प्रश्नाचे उत्तर आपणांपैकी बहुतेकांच्या घरातच मिळेल. मुलगा वा मुलगी रात्री कानाला यंत्र लावून पडद्यासमोर बसते, दूरच्या कोणाशी तरी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलते, पाने वाढून झाली तरी उठत नाही. आईने विचारले तर उत्तर एकच, "गेम चालू आहे." या एका शब्दावर घरातील संभाषण संपते. आमच्या मते ते तेथे संपू नये. 'गेम' या एकाच नावाखाली आज परस्परांहून अत्यंत भिन्न अशा वस्तू वावरत आहेत, आणि त्यांतील भेद ठाऊक नसल्यामुळे वडील माणसे काही ठिकाणी विनाकारण रागावतात, तर काही ठिकाणी जेथे लक्ष घालावयास हवे तेथे निश्चिंत राहतात.

या खेळांपैकी एका वर्गास 'मॅसिव्हली मल्टिप्लेअर ऑनलाइन' खेळ म्हणतात व आद्याक्षरे घेऊन 'एमएमओ' असे त्याचे संक्षिप्त नाव रूढ झाले आहे. शब्दशः अर्थ पाहिला तर 'फार मोठ्या संख्येने माणसांनी इंटरनेटवर मिळून खेळावयाचा खेळ' एवढाच होतो. नाव भारदस्त आहे, परंतु त्यावरून वस्तूची ओळख पटत नाही. ती ओळख पटविणे, म्हणजेच या खेळाचे लक्षण निश्चित करणे, हे आजच्या व्याख्यानाचे पहिले काम. ते लक्षण हाती आल्यावर घरातील वडिलांनी काय ध्यानी घ्यावे, हे त्यातून आपोआप निघेल.

लक्षण कसे करावे याची शिस्त आपल्याकडील नैयायिकांनी घालून दिलेली आहे. गाईचे लक्षण 'जिला शिंगे आहेत ती' असे केले तर म्हैसही त्यात शिरते. हा अतिव्याप्तीचा दोष. 'जी कपिल वर्णाची आहे ती' असे म्हटले तर पांढऱ्या व काळ्या गाई बाहेर राहतात; ही अव्याप्ती. 'जिचा खूर अखंड आहे ती' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. म्हणून 'सास्ना', म्हणजे गळ्याखाली लोंबणारे कातडे, हे लक्षण त्यांनी पत्करले. हीच कसोटी आपण आपल्या विषयास लावून पाहू.

प्रथमदर्शनी सुचणारे लक्षण म्हणजे संख्या. पुष्कळ माणसे एका वेळी खेळत असली की तो एमएमओ, असे वर्तमानपत्रांतूनही लिहिलेले आढळते. परंतु इंटरनेटवरील बुद्धिबळाच्या एखाद्या प्रसिद्ध स्थळावर या क्षणी हजारो माणसे खेळत असतील, आणि तरीही प्रत्येक पट दोघांचाच असतो. शेजारच्या पटावरील हत्ती आपल्या पटावर येत नाही. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली आणलेला लुडो किंग करोनाच्या टाळेबंदीत घरोघर पोहोचला. एका वेळी तो खेळणाऱ्यांची संख्या डोळे दिपविणारी होती, पण एका पटाभोवती मोजकेच भिडू बसत. रेल्वेच्या फलाटावर गर्दी असते म्हणून फलाटास कोणी गाव म्हणत नाही. तेव्हा केवळ संख्या हे लक्षण अतिव्याप्त ठरते.

यावर कोणी म्हणेल की सर्व माणसे एकाच मैदानात असली पाहिजेत, एवढी अट घातली की झाले. ही अट आवश्यक आहे. ती पुरेशी मात्र नाही. आपल्या तरुणांच्या परिचयाचा पबजी घ्या. भारत सरकारने २०२० च्या सप्टेंबरात त्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी तो निराळ्या नावाने भारतात परत आला. त्यात १०० माणसे एकाच बेटावर उतरतात व एकमेकांशी लढतात. शेवटी एक जण किंवा एक तुकडी उरते, सुमारे अर्ध्या तासात डाव आटोपतो, आणि ते बेट पुसले जाते. पुढल्या डावात तेच बेट पुन्हा कोरे करकरीत उभे राहते. मागील डावात कोणी कोणाचा जीव वाचविला, कोणी दगा दिला, याची खूण त्या भूमीवर राहत नाही. जत्रेतील कुस्तीच्या फडासारखा हा प्रकार आहे. फड मोठा, चुरस खरी, परंतु सायंकाळी माती सारखी केली की सर्व संपले. असा खेळ बहुखेळाडू आहे, ऑनलाइन आहे, आणि तरीही आपण ज्याचा शोध घेत आहोत तो नव्हे.

आता उलट बाजूने पाहू. चित्रांची शोभा, राक्षस, तलवारी, जादू या गोष्टी हे लक्षण होईल काय? या खेळांचा मूळपुरुष पाहिला म्हणजे त्याचे उत्तर मिळते. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाची रचना आरंभिली आणि १९८० च्या सुमारास ती त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याच्या हाती आली. त्या खेळात एकही चित्र नव्हते. 'तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात' अशी वाक्ये पडद्यावर उमटत व खेळणारा शब्द लिहून आज्ञा देई. तथापि त्याच वाटेवर दुसराही कोणी खराखुरा मनुष्य उभा असे, त्याने उचललेली वस्तू आपणांस सापडत नसे, आणि त्याच्याशी बोलता येई. ज्यास आज एमएमओ म्हणतात त्याचे बीज येथे आहे. उलटपक्षी २००३ पासून आइसलंडमधील रेक्याविक येथून चालविला जाणारा 'ईव्ह ऑनलाइन' पाहा. त्यात राक्षसही नाहीत, जादूही नाही. अंतराळातील जहाजे, खाणी, कारखाने व बाजार यांचाच सारा पसारा आहे. चित्रे व राक्षस यांवर लक्षण बांधले तर हे दोन्ही खेळ बाहेर राहतात. ही अव्याप्ती झाली.

मग सास्ना कोणती? आमच्या मते ती अशी की, या खेळात एक सामायिक जग असते आणि ते खेळणाऱ्यावाचून चालू राहते. आपण खेळ बंद करून निजलो तरी तेथील बाजार भरतो, भाव चढतात व उतरतात, शत्रू चाल करून येतात, मित्र वाट पाहतात. आपण सकाळी परत जातो तेव्हा रात्री जे घडले ते घडून गेलेले असते. आपण कालपर्यंत मिळविलेले बळ, द्रव्य, लौकिक व दुर्लौकिक तसेच शिल्लक असतात. इतर खेळांत डाव मांडला जातो आणि मोडला जातो. येथे डाव मांडलेलाच असतो. माणसे येतात आणि जातात.

ही अखंडता कशी साधली जाते, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. ते जग खेळणाऱ्याच्या संगणकात नसते. ते कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांवर, ज्यांस सर्व्हर म्हणतात, नोंदींच्या रूपाने साठविलेले असते. अमुक तलवार कोणाच्या पेटीत आहे, अमुक घर कोणाचे, अमक्याजवळ किती मोहरा आहेत, याचे ते दप्तर होय. आपल्या घरचा संगणक 'मी उत्तरेस निघालो', 'मी ही वस्तू विकली' अशी विनंती तेवढी पाठवितो. ती ग्राह्य की अग्राह्य हे सर्व्हर ठरवितो व निकाल आसपासच्या सर्वांना कळवितो. शेत कसणारा शेतावर असतो, पण ते कोणाच्या नावे आहे हे तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा सांगतो. तशीच ही व्यवस्था आहे. खेळणाऱ्यांची दाटी झाली की या दप्तरावर विलक्षण ताण पडतो. त्यासाठी कित्येक खेळ आपल्या जगाच्या अनेक प्रती करून प्रत्येक प्रतीत काही हजार माणसे वसवितात. ईव्हने, चीनमधील वेगळी व्यवस्था सोडता, सर्वांना एकाच जगात ठेवले आहे. तेथे एखाद्या लढाईत हजारो जहाजे जमली म्हणजे त्या भागापुरता काळच मंद केला जातो. प्रसंगी तो नेहमीच्या एकदशांश गतीने चालतो, म्हणजे एका मिनिटाच्या हालचालीस दहा मिनिटे लागतात. परंतु नोंद एकही चुकू दिली जात नाही.

या लक्षणावरही एक आक्षेप संभवतो. चार मित्र मिळून माइनक्राफ्टमध्ये आपले खासगी जग उघडतात, तेथे घर बांधतात, आणि ते घर दुसऱ्या दिवशीही उभे असते. मग तोही एमएमओ म्हणावा काय? म्हणू नये, कारण तेथे परका कोणी नाही. येथे संख्येचे खरे महत्त्व कळून येते. किती माणसे जमली म्हणजे 'मॅसिव्ह' म्हणावे, यासंबंधी सर्वमान्य आकडा नाही, आणि काळानुसार तो बदलतही गेला. १९९१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'नेव्हरविंटर नाइट्स'मध्ये प्रारंभी एका वेळी ५० माणसे मावत आणि तेवढी पुष्कळ वाटत. म्हणून आम्ही आकड्याऐवजी एक खूण सुचवितो. जेथे प्रत्येकास प्रत्येकाची ओळख असणे अशक्य होते आणि म्हणून पत, लौकिक, बाजार, टोळी व कायदा यांची गरज उत्पन्न होते, तेथे संख्या पुरेशी झाली असे समजावे. चार मित्र म्हणजे एक घर. घराला कायदा लागत नाही. गावाला तो लागतो.

सीमेवरची उदाहरणे असतातच. २००५ सालच्या 'गिल्ड वॉर्स' या खेळात नगरे सामायिक होती, परंतु नगराबाहेर पाऊल टाकले की प्रत्येक तुकडीस स्वतःची निराळी प्रत मिळे. त्याच्या कर्त्यांनीही त्यास एमएमओच्या प्रचलित नावाऐवजी निराळ्या नावाने संबोधिले होते. असो. सीमा पुसट आहे म्हणून दोन प्रदेश एक होत नाहीत.

तेव्हा आमचे लक्षण असे: पुष्कळ परस्परअपरिचित माणसे एकाच जगात एकाच वेळी वावरतात, ते जग कोणा एकाच्या येण्याजाण्यावर अवलंबून नसते, आणि तेथील कृत्यांचे परिणाम मागे उरतात. हे तिन्ही जेथे एकत्र आढळतील तो एमएमओ. आपल्या मायबोलीत याहून सोपा भेद करता येतो. मैदानावर मनुष्य खेळतो, गावात तो नांदतो. सासरी गेलेल्या लेकीस आपण 'नीट नांद' म्हणतो, 'नीट राहा' एवढ्यावर थांबत नाही. कारण नांदण्यात भोवतालच्या माणसांचे देणेघेणे, मानापमान व जबाबदारी ही सर्व येतात. इतर ऑनलाइन खेळ माणसे खेळतात. एमएमओमध्ये ती नांदतात. हा भेद लाक्षणिक आहे असे कोणी समजू नये. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

१९८६ साली अमेरिकेत ल्यूकसफिल्म या संस्थेने 'हॅबिटॅट' नावाचे जग टेलिफोनच्या तारेवरून चालविले. तेथे वस्तू विकणारी यंत्रे होती आणि वस्तू विकत घेणारीही होती. एका ठिकाणी ७५ नाण्यांस मिळणारी बाहुली दुसऱ्या ठिकाणी १०० नाण्यांस विकली जाते, हे काही रहिवाशांच्या ध्यानी आले. त्यांनी रात्रभर खेपा घातल्या, आणि सकाळी चालकांनी पाहिले तो त्या जगातील एकूण चलन अनेक पटींनी वाढलेले! त्याच जगात चोऱ्या व खून होऊ लागले, तेव्हा प्रत्यक्ष जीवनात ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा पुरोहित असलेल्या एका रहिवाशाने तेथे प्रार्थनामंदिर उघडले. त्याच्या अनुयायांस शस्त्र धरण्याची, चोरी करण्याची व हिंसेची मनाई होती. चालकांनी हे योजिले नव्हते. माणसे नांदू लागली, तेव्हा व्यापार, गुन्हा व धर्म हे तिन्ही आपोआप आले.

१९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' सुरू झाला. त्याचे कर्ते रिचर्ड गॅरियट व त्यांचे सहकारी यांनी तेथील अरण्यात तृणभक्षक व मांसभक्षक प्राण्यांचे परस्परावलंबन मोठ्या परिश्रमाने रचले होते. लोक आत शिरताच त्यांनी दिसेल तो प्राणी मारला, आणि ती रचना उभी राहण्यापूर्वीच मोडली. शेवटी कर्त्यांना ती काढून टाकावी लागली. पुढे वाटमारीने नवागत बेजार झाले, तेव्हा २००० साली त्या जगाचे दोन भाग करण्यात आले. एका भागात परस्परांच्या संमतीवाचून हत्या करता येत नसे. बहुसंख्य लोक त्या निर्भय भागात राहावयास गेले. सुरक्षितता मिळाली, मात्र जुन्या रहिवाशांपैकी कित्येक जण थरार गेल्याची खंत पुढे वर्षानुवर्षे बोलून दाखवीत राहिले. स्वातंत्र्य व सुरक्षा यांचा हा वाद राज्यशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ओळखीचा वाटेल.

अर्थशास्त्रज्ञांनीही या जगांची दखल घेतली. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील वस्तू लोक खऱ्या डॉलरांत विकू लागले होते. त्या व्यवहारांवरून एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन प्राध्यापकाने २००१ साली तेथील दरडोई उत्पन्नाचा हिशेब मांडला. तो रशिया व बल्गेरिया या देशांच्या दरम्यान भरला. वैद्यकशास्त्राचेही तसेच झाले. २००४ साली सुरू झालेल्या व २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदारांचा पल्ला गाठलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २००५ च्या सप्टेंबरात एक साथ पसरली. एका दैत्याशी लढताना होणारी ती संसर्गजन्य बाधा त्या लढाईच्या जागेपुरतीच असावयाची होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर ती नगरांत आली, दुर्बळ पात्रे पटापट मेली, चौक ओस पडले. कोणी रुग्णांची शुश्रूषा करावयास धावले, कोणी रानात पळाले, तर कोणी मुद्दाम रोग पसरवीत हिंडले. २००७ साली साथरोगांच्या अभ्यासकांनी 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात या घटनेचे विवेचन केले. पुढे २०२० साली खरी महासाथ आली, तेव्हा या प्रकरणाची अनेकांना आठवण झाली.

आणि ईव्हमधील ते युद्ध! २०१४ च्या जानेवारीत एका आघाडीकडून एका तारामंडलावरील ताब्याचा ठरलेला हप्ता भरावयाचा राहिला. ताबा सुटला, शत्रू धावून आला, आणि सुमारे २१ तास चाललेल्या लढाईत ७,००० हून अधिक पात्रे उतरली. सर्वांत महाकाय अशी ७५ जहाजे नष्ट झाली. ती बांधण्यास माणसांचे महिनेच्या महिने लागले होते. त्या ठिकाणी चालकांनी भग्न जहाजांचे सांगाडे स्मारक म्हणून कायमचे ठेविले आहेत. पबजीचे पुसले जाणारे बेट आणि ईव्हमधील हे स्मारक शेजारी शेजारी ठेवून पाहा. आम्ही सांगितलेले लक्षण डोळ्यांना दिसेल.

बंधुभगिनींनो, आता घराकडे वळू. या लक्षणापासून घरासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी की, येथे मूल एकटे नसते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आरंभीच्या काळात मोठ्या मोहिमेस ४० माणसे लागत. त्यांपैकी कोणी शत्रूस अडवून धरावयाचे, कोणी जखमींस बरे करावयाचे, अशी कामे वाटलेली असत. मधूनच एक जण उठून गेला तर उरलेल्या ३९ जणांची संध्याकाळ फुकट जाई. 'पाच मिनिटे थांब' हे मुलाचे उत्तर नेहमीच उद्धटपणाचे नसते. काही वेळा ते दिलेला शब्द पाळण्याची धडपड असते. नॉर्वेतील एका तरुणाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आनुवंशिक विकाराने तो चाकांच्या खुर्चीस खिळला होता आणि दिवसाचे कित्येक तास याच खेळात घालवी. आपल्या मुलास मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडणे यांतील काहीच लाभले नाही, असे आईवडिलांस वाटे व त्याचे त्यांस अतोनात दुःख होई. २०१४ साली वयाच्या २५ व्या वर्षी तो वारला. वडिलांनी त्याच्या इंटरनेटवरील रोजनिशीच्या पानावर निधनवार्ता दिली, तो अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. त्याने कोणाची समजूत घातली होती, कोणा आईचे तिच्या मुलाशी तुटलेले बोलणे जुळविले होते. अंत्यविधीस त्या खेळातील त्याचे सोबती निरनिराळ्या देशांतून आले. २०२४ साली त्याच्या जीवनावर माहितीपट निघाला. त्या मातापित्यांच्या मायेत तिळमात्र उणीव नव्हती. मुलगा खेळत आहे एवढे त्यांना दिसत होते. तो नांदत आहे, हे सांगणारे त्यांना कोणी भेटले नव्हते.

दुसरी गोष्ट पहिलीच्या उलट बाजूची आहे, आणि तीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या जगास शेवट नाही, त्यात 'आता संपले' असा क्षण येत नाही. बुद्धिबळाचा डाव मात झाली की थांबतो; कादंबरी शेवटच्या पानाशी थांबते. नांदत्या जगात मात्र नेहमीच काही तरी व्हावयाचे राहिलेले असते, आणि चालकांचे उत्पन्न लोकांच्या तेथे राहण्यावर अवलंबून असल्यामुळे ते तसे राहील याची योजनाही केलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली संमत केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराची नोंद आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांहून खेळास अग्रस्थान मिळणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही त्याची चिन्हे. आणि ती साधारणतः वर्षभर टिकलेली असली पाहिजेत. म्हणजे खेळणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे. परंतु शेवट नसलेल्या जगाला शेवट बाहेरून घालावा लागतो, आणि लहान वयात तो घालणे हे घरचेच काम होय. ते काम सरकार करील या भरवशावर राहू नये. भारताच्या संसदेने २०२५ साली ऑनलाइन खेळांसंबंधी जो अधिनियम संमत केला, त्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई केली व ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ यांना निराळे काढले. जुगारापासून कुटुंबे वाचावीत, हा त्याचा हेतू योग्यच आहे. पण तो भेद पैशाचा आहे. मूल कोणत्या जगात किती वेळ नांदते याचा नव्हे.

तिसरी गोष्ट मालकीची. गावात नांदणाऱ्यास गावठाणावर, पाणवठ्यावर, ग्रामसभेत काही अधिकार असतो. या जगांत माणसे घरे बांधतात, पेढ्या घालतात, लौकिक मिळवितात, परंतु दप्तर कंपनीचे असते आणि कंपनीने मनात आणले की गाव उठतो. 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' हे जग २०११ च्या डिसेंबरात बंद झाले. 'सिटी ऑफ हीरोज' २०१२ च्या ३० नोव्हेंबरला. या दुसऱ्या खेळातील रहिवाशांनी बंदीची वार्ता कळताच नगराच्या चौकात मशाली घेऊन निषेध केला. त्याचा उपयोग झाला नाही. मात्र काही रहिवाशांनी ते जग पुढे स्वतःच्या हिंमतीवर पुन्हा उभे केले आणि २०२४ च्या जानेवारीत मूळ मालक कंपनीने त्यांस रीतसर परवाना दिला. ईव्हच्या चालकांनी २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेले एक मंडळ सल्ल्यासाठी नेमले आहे. परंतु ते सल्ला देते, सत्ता चालवीत नाही. म्हणून मुलांना आम्ही आवर्जून सांगतो की, तेथे जोडलेली माणसे तुमची आहेत, तेथे साठविलेल्या वस्तू तुमच्या नाहीत. आईवडिलांचा पैसा खर्चून एखादी शोभिवंत तलवार घेण्यापूर्वी हे आठवावे.

व्यवहारात उतरेल असे काही सांगावे, अशी कार्यवाहांची सूचना होती. ती अशी पाळता येईल. आपल्या मुलास 'किती वेळ खेळलास' हा एकच प्रश्न न विचारता चार प्रश्न विचारावेत. तू बंद केल्यावर तेथील जग चालू राहते काय? तेथे तुझ्याबरोबर कोण असतात व त्यांपैकी तुझ्यावर कोण विसंबून आहेत? तुझे तेथे काय साठले आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे? आज उठावयाची वेळ तू कोणाशी ठरविली आहेस? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर तो फड आहे. त्यास फडाचे नियम लावावेत व डाव संपताच उठण्याचा आग्रह धरावा. उत्तर 'होय' असे आले, तर मूल एका दुसऱ्या गावात जाऊन येऊन आहे असे समजावे. परगावी राहणाऱ्या मुलाची आपण जशी चौकशी करतो, संगत कशी आहे, पैशाचा हिशेब कसा आहे, झोप पुरेशी होते की नाही, तशीच चौकशी येथेही करावी. मोहिमेची वेळ आधी विचारून जेवणाची वेळ तिच्याशी जुळवून घेतली, आणि मोहीम संपताच उठण्याचा शब्द मुलाकडून घेतला, तर घरातील निम्मी भांडणे टळतील असे आम्हांस वाटते.

आज ज्या विद्यार्थ्यांचा येथे गौरव झाला, त्यांतील कित्येकांनी आमचे बोलणे ऐकताना गालातल्या गालात हसून परस्परांकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. यांतील बरेच त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. त्यांना आमची विनंती एवढीच की, घरी गेल्यावर त्यांनी आपले ते दुसरे गाव आजीआजोबांस एकदा हिंडवून दाखवावे, तेथील बाजार, तेथील मित्र, तेथील कायदे समजावून सांगावेत. आणि आजीआजोबांनीही चष्मा लावून ते पाहावे.